घरच्या यंत्रावरचा युरिक ॲसिडचा आकडा लॅबच्या अहवालाशी वारंवार जुळत नसेल तर

गेल्या मे महिन्यातील एका सकाळी साडेसात वाजता माझ्या घरच्या यंत्राने युरिक ॲसिड 8.3 दाखवले आणि त्याच सकाळी सव्वाआठ वाजता नागपूरच्या धंतोलीतील एका लॅबमध्ये दिलेल्या रक्ताचा अहवाल संध्याकाळी 6.4 असा आला. (दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककातील आहेत, पुढेही तेच एकक वापरले आहे.) पाऊण तासात रक्तातील युरिक ॲसिड इतके उतरत नाही, तेव्हा दोहोंपैकी एक आकडा चुकलेला होता हे उघड होते. हे प्रथमच घडले असते तर मी सोडून दिले असते. परंतु त्याआधीच्या उन्हाळ्यातही दोनदा असेच झाले होते आणि त्यातील एका चुकीच्या आकड्यावर विसंबून मी आठवडाभर जेवणातून डाळीसह जवळजवळ सर्वच पदार्थ काढून टाकले होते. मला गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणारा संधिवात, होऊन नऊ वर्षे झाली आहेत. माझे थोरले बंधू महालात राहतात. त्यांनाही हाच आजार आहे आणि त्यांच्याकडेही असेच यंत्र आहे. त्यांची तक्रार मात्र माझ्या उलट होती, कारण पायाचा अंगठा सुजून लाल झालेला असताना त्यांचे यंत्र आकडा चांगला दाखवत असे. दोघांची यंत्रे, रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्ट्यांच्या डब्या आणि नोंदवह्या समोर ठेवून आम्ही एकेक कारण तपासत गेलो, आणि ज्या क्रमाने ती कारणे आमच्या हाती लागली साधारण त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

किती फरकाला चूक म्हणावे

प्रथम हे ठरवावे लागते, कारण प्रत्येक फरक हा यंत्राचा दोष नसतो. बोटातील थेंबावर चालणाऱ्या या यंत्रांच्या माहितीपत्रकात अचूकतेची मर्यादा दिलेली असते आणि ती बहुधा 15 ते 20 टक्क्यांच्या आसपास असते. याचा अर्थ असा की रक्तात खरोखर 6.0 असेल तर यंत्राने 5.2 किंवा 6.8 दाखवले तरी ते त्याला नेमून दिलेल्या मर्यादेतच आहे. आता या दोन आकड्यांमध्ये रुग्णाच्या दृष्टीने किती अंतर आहे ते पाहावे. शरीराच्या तापमानाला युरेटची (युरिक ॲसिड रक्तात ज्या रूपात असते त्याची) विद्राव्यता सुमारे 6.8 पर्यंत असते. त्यापलीकडे ते रक्तात विरघळलेले राहू शकत नाही आणि सांध्यांत सुईसारखे स्फटिक साचण्याची परिस्थिती निर्माण होते. तापमान कमी असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, आणि पायाचा अंगठा हा शरीराचा तुलनेने थंड भाग असल्यामुळे बहुतेकांचा पहिला झटका तेथेच येतो. म्हणून गाऊटच्या रुग्णाने औषध घेत असताना युरिक ॲसिड 6 च्या खाली ठेवावे असे उद्दिष्ट मानले जाते, आणि ज्यांच्या कानाच्या पाळीवर किंवा बोटांच्या सांध्यांवर युरेटच्या गाठी आल्या आहेत त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा 5 च्या खाली जाण्यास सांगतात. एकच खरा आकडा यंत्रावर एकदा उद्दिष्टाच्या आत आणि एकदा धोक्याच्या रेषेवर दिसू शकतो. त्यामुळे सोमवारी 5.7 आणि गुरुवारी 6.3 आले म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. मात्र 6.4 च्या ठिकाणी 8.3 हा फरक जवळजवळ 30 टक्क्यांचा होतो आणि त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

येथेच आणखी एक घोळ होतो, आणि तो यंत्राचा नसून वाचणाऱ्याचा असतो. लॅबच्या अहवालात आकड्याशेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते. पुरुषांसाठी ती बहुधा 7.0 किंवा 7.2 पर्यंत असते. आपला 6.9 त्या मर्यादेत बसला, शेजारी तारा किंवा ठळक अक्षर नाही, म्हणून सर्व ठीक आहे असे मानून औषध सोडणारे लोक मी पाहिले आहेत. ती मर्यादा सर्वसाधारण लोकांच्या मोजमापावरून काढलेली असते. ज्याच्या सांध्यांत स्फटिक आधीच साचले आहेत त्याचे उद्दिष्ट 6 च्या खालचेच राहते, मग छापील मर्यादा काहीही असो. याच्या उलट, कधीही सांधा न दुखलेल्या माणसाचा आकडा 7.5 आला म्हणजे त्याला गाऊट झाला असेही नाही. घरात यंत्र आल्यावर कुटुंबातील प्रत्येकाचे बोट टोचून पाहण्याची हौस होते. ती टाळावी, त्यातून निष्कारण काळजी तेवढी वाढते.

ऊन, कुलर आणि पट्ट्या

आमच्या घोळाचे सर्वांत मोठे कारण पट्ट्यांत होते, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो. पट्टीच्या टोकाशी लहानशी विद्युत्-अग्रे (इलेक्ट्रोड) असतात आणि त्यांच्यावर रसायनांचा पातळ थर असतो. रक्ताचा थेंब आत ओढला गेला की युरिक ॲसिडच्या प्रमाणात अतिशय सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो प्रवाह मोजून आकड्यात मांडते. हा थर उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतो. बहुतेक डब्यांवर 30 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवावे असे लिहिलेले असते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि नवतपात तर रात्रीसुद्धा घराच्या भिंती तापलेल्या असतात. असे असताना माझी पट्ट्यांची नवी डबी कुरिअरने आली ती दुपारी एक वाजता, आम्ही बाहेर असल्यामुळे ती व्हरांड्यातील लोखंडी पेटीवर ठेवली गेली आणि संध्याकाळी सहाला मी ती उचलली तेव्हा खोका हाताला चटका देत होता. त्याआधी ती गोदामांतून आणि गाड्यांतून किती तापली असेल ते वेगळेच. जुन्या डबीत तीन पट्ट्या शिल्लक होत्या, त्या आतल्या खोलीतील लाकडी कपाटात होत्या. लॅबचा अहवाल आल्यानंतरच्या सकाळी मी एकाच टोचलेल्या बोटातून दोन्ही डब्यांतील एकेक पट्टी लागोपाठ भरली. जुन्या पट्टीने 6.6 दाखवले आणि नव्या पट्टीने 8.1. यंत्र एकच, बोट एकच, वेळेचे अंतर मिनिटभराचे. त्या दिवशी आमचा निम्मा प्रश्न सुटला.

उन्हात तापलेली पट्टी आकडा नेहमी वाढवूनच दाखवते असे मात्र समजू नये; बिघडलेली पट्टी कोणत्याही दिशेला चुकू शकते, आणि म्हणूनच अमुक इतके वजा करून वाचले की झाले, असा हिशेब येथे चालत नाही. तापलेली डबी बाजूला काढणे हाच उपाय आहे. मार्च ते जून या काळात मी आता पट्ट्या कुरिअरने मागवत नाही. वातानुकूलित औषध दुकानातून सकाळी घेतो, आणि त्या स्कूटरच्या डिकीत न ठेवता कापडी पिशवीत घालून सरळ घरी आणतो. डिकीचे तापमान उभ्या उन्हात किती होते हे ज्याने त्यात चॉकलेट ठेवून पाहिले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

दुसरा शत्रू दमटपणा, आणि तो आपल्याकडे थंडाव्याच्या रूपाने घरात येतो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कुलर खोली थंड करतो, परंतु हवेत पाणी सोडूनच करतो. बंधूंची डबी कुलरच्या झोतासमोरील टेबलावर असे आणि ते झाकण उघडे ठेवूनच बोट टोचण्याची तयारी करीत. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा पदार्थ बसवलेला असतो. डबी पुन्हा पुन्हा उघडी राहिली तर तो लवकर निकामी होतो. पट्टी काढावी, झाकण खटकन आवाज येईपर्यंत लगेच दाबावे आणि मगच पुढचे करावे. पट्ट्या दुसऱ्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत कधीही काढून ठेवू नयेत. उन्हाळा आहे म्हणून डबी फ्रीजमध्ये ठेवण्याचा मोह होतो, आणि मीही एक आठवडा ती ठेवली होती. पण थंड डबी बाहेरच्या हवेत उघडली की आत दव धरते, जसे थंड पाण्याच्या गडव्यावर धरते. माहितीपत्रकात स्पष्टपणे फ्रीजची परवानगी असेल तरच ते करावे, आणि तेव्हाही डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. आमच्या घरी सर्वांत योग्य जागा निघाली ती मधल्या खोलीतील भिंतीतले कपाट, ज्याला ना बाहेरची भिंत लागते ना स्वयंपाकघराची.

डबी उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहावी. छापील मुदत ही न उघडलेल्या डबीची असते. उघडल्यानंतर बहुतेक पट्ट्या दोन ते तीन महिनेच विश्वासार्ह राहतात आणि नेमका कालावधी त्या डबीवर दिलेला असतो. महिन्यातून एकदा तपासणाऱ्या माणसाने पंचवीस पट्ट्यांची डबी घेतली तर ती मुदतीत संपणे शक्यच नाही, म्हणून लहान डबी महाग वाटली तरी तीच घ्यावी असे माझे मत आहे.

यंत्रालाही तापमानाची मर्यादा असते. दुपारी तापलेल्या खोलीत यंत्र तापमानाची खूण दाखवून बंद पडते ते बरेच, कारण निदान ते चुकीचे सांगत नाही. जानेवारीच्या पहाटे, जेव्हा नागपुरात पारा 10 च्या खाली उतरतो, तेव्हाही हेच होते. यंत्र आणि पट्ट्या दोन्ही अर्धा तास बेताच्या तापमानाच्या एकाच खोलीत ठेवून मग तेथेच तपासावे.

कोड (पट्ट्यांच्या डबीशी यंत्र जुळवणारी खूण) आणि एकक यांविषयी थोडक्यात सांगतो. ज्या यंत्रांत प्रत्येक डबीसोबत वेगळी चिप येते त्यांत जुनी चिप तशीच राहिली तर आकडा चुकतो, आणि साखर व युरिक ॲसिड दोन्ही मोजणाऱ्या यंत्रात पट्टी व चिप दोन्ही युरिक ॲसिडचीच आहेत ना हे पाहावे. पडद्यावर एकाएकी 380 असा आकडा दिसला तर घाबरून जाऊ नये. यंत्राचे एकक मायक्रोमोल प्रति लिटर झालेले असते आणि त्या आकड्याला 59.5 ने भागले की आपला नेहमीचा आकडा, येथे सुमारे 6.4, मिळतो.

बोट आणि थेंब

पट्ट्या बदलल्यावरही माझ्या आकड्यांत थोडी उडी राहिली होती. पत्नीने एक दिवस शेजारी उभे राहून पाहिले आणि मी बोट किती जोराने पिळतो ते मला दाखवून दिले. बोट पिळले की रक्ताबरोबर ऊतींतील पाण्यासारखा द्रव बाहेर येतो, थेंब पातळ होतो, आणि रक्तपेशी फुटल्या तर मोजणीत आणखी गडबड होते. आता मी हात कोमट पाण्याने आणि साबणाने धुतो, टॉवेलने पूर्ण कोरडा करतो, हात मिनिटभर खाली सोडून ठेवतो आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेला टोचतो, टोकाच्या मधोमध नाही, कारण तेथे दुखते जास्त आणि रक्त येते कमी. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा वापरतो. युरिक ॲसिडच्या काही पट्ट्यांना साखरेच्या पट्टीपेक्षा मोठा थेंब लागतो. थेंब अपुरा पडला तर वरून दुसरा थेंब घालून पट्टी भरू नये, ती टाकून नवी घ्यावी. स्पिरिट लावले असेल तर ते पूर्ण वाळू द्यावे. घामेजलेल्या बोटावर तर तपासूच नये, कारण घामातही थोडे युरिक ॲसिड असते.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना आहे. संत्रे सोलून लगेच बोट टोचू नये. पट्टीवर जो प्रवाह मोजला जातो तो व्हिटॅमिन सी मुळेही निर्माण होऊ शकतो, आणि संत्र्याचा रस लागलेल्या बोटावरचा थेंब निव्वळ रक्ताचा राहत नाही. सर्दीवर किंवा ताकदीसाठी म्हणून व्हिटॅमिन सी च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण अशा वेळी घरच्या यंत्राचा आकडा वर सरकू शकतो आणि लॅबच्या काही रंगमापन (रंगाच्या गडदपणावरून मोजण्याच्या) पद्धतींत तोच पदार्थ आकडा खाली ओढू शकतो. दोन्ही बाजूंनी अंतर वाढते आणि रुग्ण मात्र यंत्राला दोष देत बसतो. काही माहितीपत्रकांत पॅरासिटामॉलचाही असाच उल्लेख असतो.

ज्यांचे हिमोग्लोबिन फार कमी आहे त्यांच्या बाबतीत थेंब कितीही नीट घेतला तरी पट्टी चुकू शकते, कारण रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ठरावीक मर्यादेत आहे असे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. सिकलसेलमध्ये पेशी लवकर नष्ट होत असल्यामुळे युरिक ॲसिड खरोखरही वाढू शकते, आणि त्यातील हाडे-सांध्यांचे दुखणे गाऊटसारखे भासू शकते. अशा माणसाने घरच्या यंत्राच्या नादी न लागता शिरेतील रक्ताचीच तपासणी करून घ्यावी.

आकडा खरा, पण दिवस वेगळा

यानंतरचा फरक हा चुकीचा नव्हताच, तो शरीरातील खरा बदल होता. युरिक ॲसिड दिवसभर सारखे नसते; पहाटे आणि सकाळी ते जास्त असते आणि दुपारनंतर थोडे उतरते. मी यंत्रावर कधी सकाळी, कधी रात्री जेवणानंतर तपासत होतो आणि लॅबमध्ये मात्र नेहमी सकाळी जात होतो. वेळ एक केल्याबरोबर वहीतील उड्या बऱ्याच कमी झाल्या.

उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणे मंदावते आणि आकडा चढतो. ते टाळण्यासाठी आपण काय करतो, तर सीताबर्डीवरून येताना रसवंतीवर थांबून उसाचा मोठा ग्लास घेतो. येथेच मी अनेक वर्षे फसत आलो. उसाच्या साखरेत निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि यकृतात फ्रुक्टोजचे विघटन होताना युरिक ॲसिड तयार होते. त्याचा परिणाम काही तासांतच रक्तात दिसू शकतो. तहानेसाठी साधे पाणी किंवा बिनसाखरेचे ताक घ्यावे. मद्य, विशेषतः बिअर, तसेच कलेजी, भेजा आणि खूर घातलेला सावजी रस्सा यांचा परिणाम सर्वांना ठाऊक असतो. उपासाचा मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. निर्जळी किंवा दीर्घ उपासात शरीर चरबी जाळू लागते, त्यातून तयार होणारी कीटोन द्रव्ये मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात आणि काहीही न खाताही आकडा वाढतो. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेला आकडा पाहून बंधूंनी यंत्र दुरुस्तीला टाकण्याची भाषा केली होती. यंत्र निर्दोष होते.

औषधांचीही नोंद ठेवावी. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, हृदयासाठीची कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि क्षयरोगावरील पायराझिनामाइड ही युरिक ॲसिड वाढवतात. यापैकी एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती का दिली आहे हे ज्याने दिली त्याला विचारावे, आणि युरिक ॲसिडचा आकडा त्याला दाखवावा.

झटका चालू असतानाचा आकडा

बंधूंच्या तक्रारीचे उत्तर येथे होते, आणि माझ्या मते या साऱ्या लेखनातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे. गाऊटचा झटका ऐन भरात असताना रक्तातील युरिक ॲसिड अनेकांमध्ये उतरलेले असते, कारण दाहाच्या काळात मूत्रपिंडे ते अधिक प्रमाणात बाहेर टाकतात. एकदा बंधूंना अंगठ्यावर पांघरूणही सहन होत नसताना यंत्राने 5.6 दाखवले, म्हणून हा गाऊट नाही, मुरगळले असेल, असे घरातील मंडळींनी ठरवले, तेलाने चोळले आणि तीन दिवस वाया गेले. झटक्यातील कमी आकड्याने गाऊट नाकारता येत नाही, आणि त्या आकड्यावरून औषधाचा डोस पुरेसा आहे असेही म्हणता येत नाही. झटका पूर्ण ओसरल्यानंतर किमान दोन आठवड्यांनी तपासलेला आकडा हाच आधारभूत मानावा. आमच्या वहीत आता झटक्याच्या काळातील नोंदींना लाल वर्तुळ असते आणि त्या सरासरीत धरल्या जात नाहीत.

याच काळात एक धोका यंत्राच्या पूर्णपणे कक्षेबाहेरचा असतो. सांधा सुजून गरम झाला आहे आणि सोबत ताप, थंडी वाजणे किंवा अतिशय अशक्तपणा आहे, तर तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा बोट टोचत बसू नये. त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळचे कोणतेही सुसज्ज रुग्णालय गाठावे; सांध्यातील द्रव सुईने काढून तपासल्यावरच खरे काय ते कळते.

ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट हे युरिक ॲसिड कमी करणारे औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आकडा नीट उतरत असतानाच झटके येऊ शकतात, कारण साचलेले स्फटिक विरघळताना सुटे होतात. आकडा कमी आणि दुखणे जास्त, हे पाहून रुग्णाला वाटते की यंत्र तरी खोटे किंवा औषध तरी. दोन्ही खरे असते. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला कमी मात्रा देऊन ती टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि जोडीला काही महिने झटके टाळण्यासाठी कोल्चिसिनसारखे औषध देतात. झटका आला म्हणून चालू असलेली गोळी स्वतःहून थांबवू नये आणि यंत्रावरील एका आकड्यावरून वाढवूही नये.

यंत्र लॅबशी ताडून पाहण्याची रीत

इतके सर्व केल्यानंतरही शंका राहिली तर एकदा नीट ताडून पाहावे. त्यासाठी झटका नसलेला दिवस निवडावा. आदल्या रात्री नेहमीचे जेवण, मद्य नाही, पाणी पुरेसे. यंत्र सोबत घेऊन लॅबमध्ये जावे आणि शिरेतून रक्त काढल्यानंतर पाच-दहा मिनिटांतच दुसऱ्या हाताचे बोट टोचावे. घरी तपासून मग लॅबला जाण्यात जो वेळ, ऊन आणि चालणे मध्ये येते ते यामुळे टळते. यंत्र नेताना ते पिशवीत पाण्याच्या थंड बाटलीला टेकवू नये. मी हे जुलैमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये केले. पहिल्या वेळी लॅबने 6.1 आणि यंत्राने 6.5 दाखवले, दुसऱ्या वेळी 5.8 आणि 6.0. हा फरक मला मान्य आहे. दोन्ही वेळा तो 20 टक्क्यांपेक्षा जास्त आला असता तर मी नवी डबी आणून नियंत्रण द्रावणाने (ज्यातील प्रमाण आधीच ठाऊक असते अशा द्रावणाने) यंत्र तपासले असते. हे द्रावण युरिक ॲसिडच्या पट्टीसाठीचेच असावे लागते, साखरेच्या यंत्राचे चालत नाही. त्याचा आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसला नाही तर पट्ट्या किंवा यंत्र यांपैकी काहीतरी सदोष आहे हे सिद्ध होते आणि विक्रेत्याशी बोलायला आधार मिळतो. मूत्रात बुडवून रंग पाहण्याच्या कागदी पट्ट्यांशी ही तुलना करू नये. त्या मूत्राची आम्लता दाखवतात, रक्तातील युरिक ॲसिड नव्हे.

लॅबची तपासणी सोडण्याचा विचार मात्र मी कधी केला नाही. औषधाचा डोस ठरत असताना दर काही आठवड्यांनी, आणि तो स्थिरावल्यावर साधारण सहा महिन्यांनी, शिरेतील रक्ताचा आकडा डॉक्टरांना हवाच असतो, आणि त्याच नमुन्यात क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडांची स्थितीही कळते, जी घरचे यंत्र सांगू शकत नाही. या दोन तपासण्यांच्या मधला काळ नजरेखाली ठेवण्यासाठी यंत्र उपयोगी आहे. त्यासाठी महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, सकाळी तोंड धुतल्यावर आणि चहाच्या आधी तपासणे पुरते. माझ्या वहीत आकड्याशेजारी डबीचा क्रमांक, डबी उघडल्याची तारीख, आदल्या दिवशीचे विशेष खाणे-पिणे, उपास, चालू औषधे आणि सांध्याची स्थिती एवढे असते. मागच्या भेटीत डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या नोंदी दोन मिनिटांत वाचल्या, एप्रिल-मेच्या दोन नोंदींवर बोट ठेवून पट्ट्या तेव्हा कोठे होत्या असे विचारले आणि त्या दोन वगळून डोस तसाच ठेवला.

शेवटचे काम सुईचे. एक सुई एकाच माणसासाठी आणि एकदाच वापरायची असते. आमच्यासारख्या घरात, जेथे दोन भावांना गाऊट आणि वहिनींना मधुमेह आहे, टोचण्याची कांडी एकत्र वापरण्याचा प्रसंग सणावारी येतोच. कावीळ ब सारखा संसर्ग त्या एका टोकावरून पसरू शकतो, म्हणून प्रत्येकाची कांडी वेगळी आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी. वापरलेल्या सुया मी जाड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत टाकतो आणि ती भरली की आमच्या लॅबमध्ये विचारून त्यांच्या सुयांच्या डब्यात देतो, जेणेकरून सकाळी कचरागाडीवर येणाऱ्या बाईंच्या हाताला ती टोचणार नाही.